भविष्यकाळ मापात कमी भरला

"पुढचं उद्या रे राजा."

हा आवाज तोलकाकांच्या कानात कधीचा मुक्कामाला होता. आवाज आत्याचा. आत्या गोष्ट सांगायला बसली की राक्षस दार ठोठावायचा, आणि आत्या नेमकी तिथेच थांबायची. दाराच्या अलीकडे थरथरणारी राजकन्या, पलीकडे राक्षस, आणि अंथरुणात ताडकन उठून बसलेला हा एवढासा भाचा. "पुढे? पुढे काय झालं?" म्हणून तो रडकुंडीला यायचा. आत्या दिवा बारीक करायची, त्याच्या कपाळावरून खरखरीत हात फिरवायची आणि हेल काढून म्हणायची,

"अर्धी गोष्ट उशाला तुझ्या, अर्धी माझ्या पदराला,
राहिलेली अर्धी राजा, लागते उद्या उठायला."

आणि खरंच, उजाडायच्या आत भाचा उठून आत्याच्या पायाशी हजर. पुढे आत्या गेली, तेव्हा एक गोष्ट अर्धीच राहिली होती. तो राक्षस अजून दाराबाहेर उभा आहे. पाय दुखले असतील बिचाऱ्याचे.

भाचा मोठा झाला आणि वजनमापे खात्यात निरीक्षक झाला. काळी पेटी घेऊन तो बाजारात शिरला की तराजू आपोआप सरळ व्हायचे आणि दुकानदार तिरके. पेटीत मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं बसलेली असायची, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, ग्रुप फोटोला बसल्यासारखी. 'मापात पाप' हे शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवळातल्यासारखा खाली यायचा. लोक त्यांना तोलकाका म्हणू लागले ते तेव्हापासून. ते घरातही तोलूनच बोलत, तोलूनच हसत. काकूंच्या मते लग्न ठरलं तेव्हा त्यांनी 'हो' म्हणायला इतका वेळ लावला, की त्यांना वाटलं काटा स्थिर व्हायची वाट बघतायत.

मग निवृत्ती आली. बाजारात तोवर विजेचे काटे आले होते, आकडे लाल अक्षरांत आपले आपण उमटत होते. खात्याने निरोपाला त्यांना त्यांचीच जुनी पेटी भेट दिली. भाषणात साहेब म्हणाले, "ही आता आम्हाला उपयोगाची नाही." बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण शब्दाचं वजन बोलणाऱ्याच्या हातात कुठे असतं? तोलकाकांनी पेटी कपाटावर ठेवली आणि पुन्हा तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. सकाळी उठायचं, खुर्चीत बसायचं आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं, एवढंच काम उरलं. भिंत काही कमी भरत नव्हती, जास्त भरत नव्हती.

"अहो," काकू एक दिवस म्हणाल्या, "तुमच्या बघण्यानं भिंतीचा रंग उडाला. वाचनालयात तरी जाऊन या."

वाचनालयातल्या ग्रंथपालबाई वाचकाचा चेहरा बघून पुस्तक देत, औषधवाला खोकला ऐकून बाटली काढतो तसं. तोलकाकांनी "काहीतरी हलकं द्या" म्हटल्यावर बाईंनी वरच्या फळीवरून एक विटेएवढी कादंबरी खाली काढली.

"ही न्या. अजून थोड्या वर्षांनी जग कसं असेल, यंत्रं काय काय करायला लागतील, त्यावर आहे."

"बाई, मला यंत्रातलं काही कळत नाही."

"यंत्रांना तरी माणसातलं कुठे कळतंय? न्या. एकच प्रत आहे आणि पुढच्या वाचकाचा नंबर लागलाय, तेव्हा वेळेत आणा."

तोलकाकांनी पुस्तक तळव्यावर घेतलं. डोळे मिटले. "किलोला थोडी कमी," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी कशाचं वजन केलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी पहिलं पान उघडलं, आणि चहा निवला. दुसरा केला, तोही निवला. तिसरा काकूंनी केलाच नाही, त्या नुसत्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. काय होतं त्या पुस्तकात! त्यात असे रस्ते होते जे माणसाची पावलं ओळखत. आंधळी म्हातारी चालू लागली की फरशा तिच्या पायाखाली किंचित उबदार होत आणि वळण आलं की थंड. उबेचा हात धरून म्हातारी गावभर फिरून येई. त्यात प्रत्येक माणसाला जन्मतःच एक सोबती मिळे, कानामागे बसणारा, घेवड्याच्या दाण्याएवढा. तुम्ही जे बोलाल, जे विसराल, ते सगळं तो आयुष्यभर जपून ठेवी आणि मागितलं की सांगे. आणि हे बिघडलेले सोबती दुरुस्त करणारी एक बाई होती, ती कादंबरीची नायिका. तिच्याकडे एक म्हातारा येतो. त्याच्या मेलेल्या बायकोचा सोबती त्याने रुमालात बांधून आणलेला. "हा सगळं ऐकतो," म्हातारा म्हणतो, "पण बोलत नाही. उघडून बघा." बाई उघडून बघते. आत काहीच बिघडलेलं नाही. सोबती धडधाकट आहे. तो गप्प बसलाय, आपण होऊन.

तोलकाकांनी पुस्तक मिटलं आणि आढ्याकडे बघितलं. घेवड्याच्या दाण्याएवढ्या वस्तूत एक अख्खी बाई! याचं वजन कुठल्या काट्यावर करायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांना अलार्मच्या आधी जाग आली. भिंतीकडे न बघता त्यांनी काकूंच्या बाजूला मान वळवली आणि म्हणाले, "आज पुढे काय होणार गं?"

काकू घाईघाईने उठून चहा ठेवायला गेल्या.

आता तोलकाका तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आश्चर्य हा असा ऐवज आहे की तो एकट्याच्या पोटात राहत नाही. त्यांनी जिन्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंना रस्त्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते पेशंटला सांगितलं. पेशंटचं तोंड उघडंच होतं, ते मिटेना. तळमजल्यावरच्या शिंपीमास्तरांना सोबत्याचं कळलं तेव्हा त्यांच्या तोंडातली टाचणी खाली पडली. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना कळलं तेव्हा त्यांनी जिन्यातच सभा बोलावली. सेक्रेटरी असे, की शिंक आली तरी आधी ठराव मांडत.

"पुस्तक एक, वाचणारे अनेक, मुदत थोडी," सेक्रेटरी म्हणाले. "यावर उपाय काय?"

"पाळीपाळीने वाचू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पाळी येईपर्यंत पुढचं भविष्य येऊन ठेपेल," सेक्रेटरी म्हणाले. "मी सुचवतो, वाटून घ्या."

"पुस्तक म्हणजे काय कलिंगड आहे?" तोलकाका चिडले.

तेव्हा शिंपीमास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काका, हे शिवलेलं आहे. शिवलेलं म्हणजे माझ्या हद्दीतलं. टाके उसवतो, वाचून झालं की त्याच भोकांतून परत घालतो. तुमच्या ग्रंथपालबाईंच्या आजीलासुद्धा कळणार नाही."

एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हणायचं असलं तर ती गोष्ट कुणी कौतुकाने मांडायच्या आत म्हणावं. तोलकाका काटा स्थिर व्हायची वाट बघत राहिले आणि तेवढ्यात मास्तरांनी आकडीने पहिला टाका उसवला. टक्क! तोलकाकांना तो आवाज थेट बरगडीत ऐकू आला. पुस्तकाचे सहा भाग झाले. मास्तरांनी प्रत्येकाला अस्तराच्या कापडाची खोळ शिवली. चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली, वाचून झालं की भाग एकमेकांत फिरवायचे ठरलं. शेवटचा भाग काकूंच्या वाट्याला आला.

"बरं झालं," सेक्रेटरी म्हणाले, "काकूंच्या पोटात गोष्ट राहते."

त्या दिवसापासून त्या इमारतीत एकाच वेळी सहा भविष्यकाळ नांदू लागले. ज्यांना दुसरा भाग मिळाला त्यांना पहिल्यातलं कुणी माहीत नाही, ज्यांना चौथा मिळाला त्यांना वाटे तिसऱ्यातली माणसं मेलीच असणार. लोक कानांवर हात ठेवून जिना चढू लागले. "मला सांगू नका! मी अजून दुसऱ्यात आहे!" अशा आरोळ्या ऐकू येत. दुसऱ्या भागातल्या घरांना माणसाच्या श्वासावरून कळे की तो आज उदास आहे, आणि मग ती घरं हळूच खिडक्या उघडत. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं आणि त्या पेशंटच्या दाढेआधी त्याचा श्वास ऐकू लागल्या. एकाला त्यांनी दाढ न काढताच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" तो ढसाढसा रडला. दाढ तशीच राहिली, पण म्हणे दुखायची थांबली.

तिसऱ्या भागात लिफ्ट होती, जी माणसाला विचारी, "कशासाठी वर चाललात?" कारण पटलं तरच न्यायची. सेक्रेटरी भारावले. अशी लिफ्ट बसवण्याचा ठराव त्यांनी मांडला. इमारतीला मुळात लिफ्टच नाही हे कुणीतरी लक्षात आणून दिलं, तेव्हा ते काही दिवस जिन्याच्या पायथ्याशी स्वतः उभे राहून विचारू लागले. दूधवाल्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा दूध त्यांच्याच हातात देऊन तो निघून गेला.

शिंपीमास्तरांच्या पाचव्या भागातलं कापड मात्र सगळ्यांवर ताण होतं. ज्याने मिठी मारली त्याची ऊब ते राखून ठेवायचं. तोलकाका तो भाग मागायला गेले तेव्हा मास्तर मशीन बंद करून बसले होते. मांडीवर एक साधा सुती तागा, आणि त्यावरून त्यांचा हात फिरत होता.

"काका," ते म्हणाले, "पोरीचा पहिला फ्रॉक मी अजून ठेवलाय. का ठेवलाय ते मला आजवर सांगता येत नव्हतं."

दोघं जण त्या ताग्याकडे नवं मूल बघावं तसे बघत बसले.

पाचवा भाग संपला तो अशा जागी, की आत्यालाही हेवा वाटावा. दुरुस्तीवाली बाई आणि तो म्हातारा समोरासमोर बसलेत. मध्ये रुमालावर सोबती. बाई म्हणते, "याला काय विचारायचं ते तुम्ही इतके दिवस चुकीचं विचारत होतात. आता मी सांगते तसं विचारा." म्हातारा वाकतो, विचारतो. सोबती पहिल्यांदाच उबदार होतो.

पान संपलं. भाग संपला.

सगळी इमारत त्या उबेपाशी येऊन थांबली. तो बोलतो का? काय बोलतो? आणि तोलकाका रोज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या विचारत, "आज पुढे काय होणार गं? वाचलास का शेवट?" घरातच शेवट, हात लांब केला की मिळेल, पण पाळी म्हणजे पाळी. बायकोच्या वाट्यातलं आधी उचललं तर ते मापात पाप.

"वाचतेय हळूहळू," काकू म्हणत.

मुदत संपत आली. मास्तर सुईत जाड दोरा ओवून तयार बसले. तोलकाकांनी हात पुढे केला, तेव्हा काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तो भाग? तो मी दिला कुणाला तरी."

"कुणाला?"

"आठवत नाही बाई."

काकूंना आठवत नाही! कुणाच्या बारशाला कुणी कुठल्या रंगाची साडी नेसली होती हे सांगणाऱ्या काकूंना! पण तोलकाकांच्या हे ध्यानात आलं नाही. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. आयुष्यभर ज्याने कमी भरणाऱ्यांना पकडलं, तो आता ग्रंथपालबाईंना कमी भरलेलं पुस्तक परत करणार होता! त्यांनी घराघरात शोध घेतला. डॉक्टरीणबाईंचे दातांच्या साच्यांचे खण उपसले. मास्तरांच्या चिंध्यांत हात घातला. सेक्रेटरींनी शोधसमिती नेमली, तिने पहिल्या बैठकीत चहा घेतला आणि दुसरी बैठक ठरवली. सल्ले तर इतके आले की सहा भागांत मावले नसते. "शेवट आपणच लिहून जोडा," सेक्रेटरी म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"मला कळेल," तोलकाका म्हणाले.

शेवटी मान खाली घालून ते वाचनालयात मुदत वाढवून मागायला गेले.

"पूर्वी मी नुसती भुवई वर केली की मुदत वाढायची," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आता हे नवीन मशीन आलंय. त्याला भुवई नाही. त्याला कारण लागतं, आणि कारणंही त्यानेच ठरवलीत. चारच आहेत. पुस्तक हरवलं, पुस्तक फाटलं, पुस्तक भिजलं, सभासद मृत."

"शेवट सापडत नाही, असं कारण नाही?"

"ते कारण फार लोकांना लागू पडेल. म्हणून ठेवलं नसावं."

तोलकाका विचारात पडले. हरवलं म्हणावं तर पाच भाग घरी आहेत. फाटलं नाही, उसवलंय. भिजलेलं तर नाहीच. "बाई, पुस्तकावर खोटा आळ नको."

"मग तुमच्यावर घ्या," बाई म्हणाल्या. "चौथ्या कारणाला मुदत भरपूर मिळते. फक्त मशीनपुरतं हो."

"फक्त मशीनपुरतं?"

"मी तुम्हाला नंतर जिवंत करून घेईन."

तोलकाकांनी काटा स्थिर होऊ दिला. पुस्तकासाठी मरणं त्यांना फारसं अपमानाचं वाटलं नाही. बाईंनी बटण दाबलं. येताना ते जरा रेंगाळतच आले, एरवी न पाहिलेल्या फरशांकडे बघत, न जाणो एखादी उबदार लागायची.

मशीन मात्र रेंगाळलं नाही. सभासदाच्या नावापुढे काकूंचा मोबाईल नंबर होता.

तोलकाका जिना चढून वर आले तो त्यांच्याच दाराबाहेर चपलांचा ढीग. माणसं उभी, माना खाली. आपल्या घरी काय झालं हे त्यांना कळेना. समोर मास्तरांची पाठ होती. त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, कोण गेलं?"

मास्तर वळलेच नाहीत. डोळे पुसत म्हणाले, "आपले तोलकाका गेले हो."

"अरेरे," तोलकाका सवयीने म्हणाले. "कधी?"

"आत्ताच. वाचनालयात. मेसेज आलाय."

आत सेक्रेटरी बोलत होते, "कैलासवासी तोलकाका यांनी उभ्या आयुष्यात कुणाला तोळाभरही कमी दिलं नाही..." इतकं चांगलं भाषण निवृत्तीच्या दिवशीही झालं नव्हतं. तोलकाकांना ते पुरतं ऐकावंसं वाटलं. पण तेवढ्यात मास्तर वळले, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने सेक्रेटरी थांबले, डॉक्टरीणबाई किंचाळल्या, आणि गर्दी दोन बाजूंना झाली.

मधोमध खुर्चीत काकू बसल्या होत्या. खुर्ची तोलकाकांची. समोर ती भिंत. हातात मोबाईल, त्यावर अजून उजेड होता: 'आपल्या घरातील सभासदाच्या निधनाची नोंद झाली आहे. ग्रंथालय आपल्या दुःखात सहभागी आहे. पुस्तक सवडीने परत करावे.'

"अगं, ते फक्त मशीनपुरतं," तोलकाका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. उठल्या, स्टूल ओढलं, त्यावर चढून कपाटावरची काळी पेटी खाली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

पेटी हातात आली आणि तोलकाकांच्या हाताला कळलं. मनगटं म्हातारी झाली तरी विसरत नाहीत. पेटी जड होती, असायला हवी त्याहून दीडशे ग्रॅमभर जड.

त्यांनी झाकण उघडलं. पितळी वजनं आपापल्या खळग्यांत चकाकत बसलेली. कुणीतरी ती घासूनपुसून ठेवत होतं. आणि त्यांच्यावर, अस्तराच्या खोळीत, सहावा भाग.

"काय सापडलं? शेवट सापडला का?" मागून सेक्रेटरींनी टाचा उंचावल्या. "बोलतो का तो सोबती?"

तोलकाकांनी झाकण मिटलं. काकूंकडे एकवार बघितलं.

"नाही सापडला," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माप मारलं. "आता सगळे घरी जा. पुढचं उद्या."

"पण काका, तुम्ही जिवंत..."

"त्याचंही उद्या."

दार लागलं. बाहेर जिन्यावर सेक्रेटरींचा आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला. शोकसभेचा ठराव मागे घेता येतो का, यावर ते मास्तरांचं मत विचारत होते. मग तोही विरला.

तोलकाका पेटी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी काही विचारलं नाही. दुरुस्तीवाल्या बाईने त्या म्हाताऱ्याला काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं, आणि चुकीचं विचारण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्यांना वाटलं.

काकू बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. उलगडलं, पुन्हा गुंडाळलं.

"शेवट मी वाचलेला नाही," त्या म्हणाल्या. "खोळसुद्धा उघडली नाही. आला त्या दिवशीच पेटीत ठेवला. म्हटलं, तिथे तुम्ही कधी बघणार नाही."

तोलकाकांनी पेटीचं झाकण तळव्याने दाबून धरलं.

"रिटायर झालात तेव्हापासून तुम्ही सकाळी उठलात की आधी त्या भिंतीकडे बघायचात. मी शेजारी असायची. मग हे पुस्तक आलं, आणि तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, 'आज पुढे काय होणार गं?' रोज म्हणायला लागलात. मी आधीच जागी असायची, डोळे मिटून. तुम्ही कधी विचारता त्याची वाट बघत."

त्यांनी मोबाईल उलटा करून बाजूला ठेवला.

"पुस्तक संपलं की विचारणार नाही तुम्ही. म्हणून लपवला. मला ते रोज ऐकायचं होतं हो."